कावळ्याला दिलेला शब्द

माणसाला दिलेला शब्द मोडता येतो. आमच्या इंदापूर तालुक्यात तो रोज मोडला जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. कावळ्याला दिलेला शब्द मात्र मोडता येत नाही. तो दीडशे माणसांसमोर दिलेला असतो, आणि त्यातली निम्मी माणसं बायकोच्या माहेरची असतात.

माझी बायको द्वारका मागच्या श्रावणात गेली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. सकाळी चहा ठेवून पाटावर बसली आणि उठली नाही, एवढंच. चहा उतू गेला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो, तोही ओरडायला.

तिचं माहेर नरसिंहपूरच्या अलीकडचं. म्हणून दशक्रिया तिथं, भीमा-नीरेच्या संगमावर करायची, असं तिचा भाऊ गेणबा यानं ठरवलं. पिंड मांडले, श्रद्धांजलीची तीन भाषणं झाली. त्यातला एक वक्ता द्वारकेला ओळखतच नव्हता, पण बोलला सगळ्यांत चांगला. मग सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं धरतात. नाही शिवला, तर काय अडकलंय ते घरच्यांनी ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा. मी अडतीस वर्षं तिच्याबरोबर राहिलेला माणूस. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

कावळा होता. समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडंच बघत होता.

मुलगी प्रगती म्हणाली, "आई, पप्पांच्या गोळ्यांकडं मी बघीन." कावळा हलला नाही. मुलगा संदेश पुण्याहून आलेला. तो म्हणाला, "आई, महिन्यातून एकदा मी घरी येईन." कावळा एक फांदी वर गेला. गेणबा म्हणाला, "आक्का, चुलत्याच्या बांधावरचं भांडाण मी सोडलं." कावळ्यानं पाठ फिरवली, तसा गेणबा घाईनं मागं सरला. त्याला बरंच वाटलं असावं.

मग माझी पाळी. गोठ्यावर नवे पत्रे टाकीन म्हटलं. म्हैस विकणार नाही म्हटलं. तुझ्या धाकट्या बहिणीशी बोलीन म्हटलं. शेवटी बिडी सोडीन म्हटलं, त्यावर मागं हशा झाला, कारण मी बिडी पंधरा वर्षांपूर्वीच सोडली असं सगळ्यांना माहीत होतं. कावळ्यानं फांदीवर चोच घासली.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी तेहतीस वर्षं क्लार्क होतो. उसाची गाडी फाटकातून आत येताना बघून वजन सांगायचो, आणि काट्यावर फार फरक पडायचा नाही. इथं स्वतःच्या बायकोच्या मनात काय राहिलं याचे आम्ही मिळून सात अंदाज सांगितले आणि सातही चुकले.

दीड तास झाला. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. मला साडेअकराला दुसरीकडं पोचायचंय."

दर्भाचा कावळा म्हणजे सरळ कॉपी करून पास होणं. मी नको म्हणालो. तेवढ्यात संदेशनं द्वारकेची कापडी पिशवी उघडली. तिचा चष्मा आणि आवडती साडी पिंडाजवळ ठेवायला आणली होती, त्याखाली एक जाडसर पुस्तिका होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'तत्त्वज्ञान परिचय : रोजचा अनुभव आणि जुने ग्रंथ', आणि खाली बारामतीच्या अभ्यासकेंद्राचा शिक्का आणि परीक्षेचा महिना.

"पप्पा, आईची परीक्षा राहिली," तो म्हणाला.

"कसली परीक्षा?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. ती गेले चार महिने रविवारी बारामतीला जायची. मी स्वतः तिला मोटारसायकलवरून भिगवणच्या स्टँडवर सोडायचो. बचत गटाचं लोणच्याचं शिक्षण असेल असं मी धरून चाललो होतो. दीडशे माणसांनी माझ्याकडं बघितलं. मेहुणी तर जवळ येऊन बघून गेली.

मी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणालो, "अगं, ती परीक्षा मी देईन. पास होईन."

पंख वाजले. डोळे उघडले तर कावळा पिंडावर होता.

'देईन' एवढ्यावर भागलं असतं. 'पास होईन' म्हणायची गरज नव्हती. पण भावनेच्या भरात माणूस एक वाक्य जास्तच बोलतो.

गावात परत आल्यावर शेजारचा सोनबा तात्या म्हणाला, "कुंडलिकराव, कावळा पहिल्या वाक्याला उडला का दुसऱ्याला? पहिल्याला उडला आसंल तर पास व्हायची भानगड न्हाय."

"माझे डोळे मिटले होते."

"मंग झालं. आता दोन्ही आली तुमच्या गळ्यात."

सोनबा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण सल्ला देताना दहा वर्षांनी मोठा होतो.

बारामतीच्या अभ्यासकेंद्रात गेलो. तिथल्या कारकुनाला सांगितलं की बायकोच्या जागी मला घ्या. तो म्हणाला, "अनुकंपा फक्त नोकरीत असते, काका. तत्त्वज्ञानात नाही." म्हणून नवा अर्ज भरला. 'प्रवेश घेण्याचे कारण' या रकान्यात मी 'कावळा' लिहिलं. त्यानं ते खोडून 'ज्ञानप्राप्ती' लिहिलं. मग माझा जुन्या अकरावीचा दाखला बघून म्हणाला, "शिक्षणात पन्नास वर्षांचा खंड दिसतोय. एवढी वर्षं काय करत होता, त्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

कोर्टाच्या आवारात टायपिंग करणाऱ्याकडं दोनच कारणं तयार होती, आजारपण आणि घरची अडचण.

"मी नोकरी करत होतो," मी म्हणालो. "लग्न झालं, संसार केला."

"ते अडचणीत धरतात," तो म्हणाला. पण त्या कागदाच्या प्रती संपल्या होत्या, म्हणून त्यानं आजारपण लावलं. त्यामुळं सरकारदरबारी मी पन्नास वर्षं आजारी होतो आणि बायको गेल्यावर बरा झालो, अशी नोंद आहे. यावर मी सही केलेली आहे.

अभ्यास सुरू केला. पुस्तिकेत सहा पाठ. प्रत्येकात जुन्या ग्रंथांतला एखादा प्रश्न सोपा करून सांगितलेला, आणि शेवटी 'स्वतः करून पाहा' असा स्वाध्याय. पाच पाठांच्या समासात द्वारकेनं पेन्सिलीनं लिहिलं होतं. तिचं अक्षर बारीक, उजवीकडं चढत जाणारं. पुस्तिका म्हणते, उदाहरण आपल्या आयुष्यातलं द्या. तिच्या आयुष्यात बहुधा एकच उदाहरण होतं.

पहिला पाठ : 'मी आहे हे कशावरून?' कुण्या परदेशी गृहस्थानं म्हणे सगळ्या गोष्टींवर संशय घेऊन पाहिला. शेवटी त्याला कळलं की संशय घेणारा तरी कुणीतरी आहेच, म्हणजे आपण आहोत. त्याला पेन्शन नसावी. आम्हाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन मशीनवर अंगठा लावून आपण आहोत हे पटवावं लागतं, आणि तेहतीस वर्षं काट्याच्या पावत्या फाडून माझ्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आहेत. मशीन मला नाकारतं. मी समोर उभा राहून वाद घालतो, तरी नाकारतं. समासात लिहिलं होतं : 'उदा. हे. बँकेतून आले की दोन दिवस आपण आहोत म्हणून खुशीत असतात.'

मी तसा असतो हे मला माहीत नव्हतं.

दुसरा पाठ दोरीचा आणि सापाचा. अंधुक उजेडात दोरी सापासारखी दिसते, माणूस घाबरतो, दिवा आणला की भीती जाते. स्वाध्याय असा की, भीती वाटली तर पळू नका, जवळ जाऊन पाहा. चार दिवसांनी उसात ड्रिपची नळी सरीतून बाहेर आलेली दिसली. मनात भीती आली, पण मी शिकलेला माणूस. जवळ गेलो आणि उचलली. ती धामण होती. तिनंही तोवर मला खांब वगैरे समजलं असावं, कारण दोघंही सारखेच दचकलो. मी बांधावरून थेट कॅनॉलच्या चारीत पडलो. संध्याकाळी गुडघ्याला हळद लावून समास बघितला : 'उदा. हे. चष्मा लावत नाहीत.'

हे आधी वाचायला हवं होतं. तेव्हापासून आधी समास, मग पाठ, असा क्रम ठेवला.

तिसऱ्या पाठानं मात्र गाव उठवलं. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तरी तो ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी ढीगच. मग तो ढीग नक्की कोणत्या दाण्याला संपतो? स्वाध्याय : 'आपल्या परिसरातील एखाद्या व्यावसायिकास त्याच्या व्यवसायातील वस्तूविषयी असा प्रश्न विचारा. त्याला आपण उत्तर सुचवू नका. फक्त विचारत राहा.'

मी गावातल्या दूध संकलन केंद्रावर गेलो. तिथं ऋषिराज माप घेतो. मागं पंधरा-वीस जण किटल्या घेऊन रांगेत. मी विचारलं, "ऋषिराज, दूध म्हणजे नक्की काय?"

"आबा, दूध म्हंजी दूध."

"त्यात एक थेंब पाणी पडलं तर ते दूधच ना?"

त्यानं रांगेकडं बघितलं. "व्हय."

"दुसरा थेंब?"

"आबा, कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही. मी फक्त विचारतोय. कितव्या थेंबाला ते दूध राहत नाही?"

ऋषिराजनं माप खाली ठेवलं. रांगेतले चौघं जण घरी काहीतरी विसरलं म्हणून किटली घेऊन परत गेले. माझ्या हातात वही आणि पेन होतं, स्वाध्यायाची नोंद ठेवायची म्हणून. त्या वहीनं घात केला. तासाभरात गावभर झालं की कुंडलिकआबा रिटायर झाल्यावर भेसळ खात्याला जाऊन मिळाला.

पुढचे तीन दिवस गावानं चोख दूध घातलं. आमच्या गावात असं दूध कुणी प्यालेलं नव्हतं. निम्म्या गावाचं पोट बिघडलं. चौथ्या दिवशी दादासाहेब, म्हणजे केंद्राचे चेअरमन, माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"आबा, तुमचं दुःख आमाला समजतंय," ते म्हणाले. "पण त्याचा राग दुधावर कशापायी?"

"हा राग नाही, स्वाध्याय आहे."

"त्यो कुटल्या खात्याचा?"

मी पुस्तिका दाखवली. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "ह्येचं उत्तर मागं दिलंय का?"

"नाही. याला उत्तर नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मंग आसं करतो, आबा. उत्तर न्हाय, आशीच पाटी लावतो केंद्रावर." पण तेव्हापासून माझ्या म्हशीचं दूध केंद्रात घेतात ते दोनदा तपासून. त्या पाठाच्या समासात द्वारकेनं लिहिलं होतं : 'उदा. हे. चहात साखर किती, विचारलं की म्हणतात थोडी. थोडी म्हणजे किती ते अजून ठरलं नाही.' आणि खाली, बारीक : 'मला तर थोडीही नाही.'

तिला सहा वर्षं शुगर होती. डॉक्टरांनी गोड कमी करा सांगितलं, मी बंद केलं. मी त्या बाबतीत डॉक्टरपेक्षा कडक होतो. लग्नाच्या पंगतीत तिच्या पानातली बालुशाही उचलून मी माझ्या पानात घेत असे. तिच्या तब्येतीसाठी माझ्या पोटात किती बालुशाह्या गेल्या असतील, सांगता येत नाही.

चौथा पाठ धूर दिसला म्हणजे तिथं आग असणार, हे कसं कळतं त्याचा. समासात : 'उदा. हे. गोठ्यामागं धूर. पंधरा वर्षं झाली.' त्या दिवशी मी गोठ्यामागं गेलो नाही. पुढंच ओढली.

पाचवा पाठ : 'दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळू शकतं का?' समासात लिहिलं होतं : 'उदा. हे. चौथा महिना. स्टँडवर सोडलं. कुठं जाते, अजून विचारलं नाही. विचारलं तर सांगीन.'

मी पुस्तिका मिटली आणि म्हशीला पेंड टाकली. नंतर आठवलं, सकाळीच टाकली होती.

सहाव्या पाठाचा समास कोरा होता. तिथपर्यंत ती पोचली नव्हती. आणि नेमका तो पाठ कावळ्याचा निघाला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते, म्हणून कावळ्यानं फांदी तोडली असं होत नाही. जुन्या पंडितांनी यावर पुष्कळ काथ्याकूट केलेला आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण असेलच असं नाही. मी तीनदा वाचलं. मग लक्षात आलं की आपण अडकलो. कावळा माझ्या शब्दामुळं आला असेल, तर मला परीक्षेत पास व्हायला हवं. पण पास व्हायचं तर पेपरात लिहायला हवं की कावळा माझ्या शब्दामुळं आला असं म्हणता येत नाही. आणि तसं म्हणता येत नसेल तर मी परीक्षेला बसलोय कशाला?

हे मी केंद्रावरच्या स्वरूपा मॅडमना विचारलं. वयानं प्रगतीएवढ्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, हे मला नाही सांगता येणार. पेपरात लिहा."

"मार्क मिळतील?"

"ते तपासणाऱ्यावर."

"द्वारका वर्गात काही बोलायची का, मॅडम?"

"प्रत्येक वेळी. उदाहरणं द्यायच्या." त्या हसू दाबत होत्या. "तुम्हाला आम्ही सगळे ओळखतो, काका."

डिसेंबरात परीक्षा होती. सोनबा म्हणाला, मी येतो सोबत, तुमचं गुडघ्याचं दुखणं. खरं तर त्याला बारामतीत दाढेसाठी कवळी बघायची होती. एस. टी. मदनवाडीच्या पुढं गेली तरी तो गप्प होता. सोनबा गप्प बसला की मला काळजी वाटते.

"कुंडलिकराव, एक सांगू का? चिडायचं न्हाय."

"सांग."

"त्या दिवशी नरसिंहपूरला माझी साखर उतरायला लागली हुती. घेरी येती मला. दीड तास उभं हुतो. खिशात बालुशाही हुती, आसतीच माझ्या खिशात. म्हणलं, ह्यो कावळा काय आज सोडत न्हाय आपल्याला. मी नमस्काराला पुढं वाकलो, तुमी डोळं मिटलेलं. आर्दी बालुशाही पिंडाला टेकवली अन् मागं आलो."

मी त्याच्या खिशाकडं बघितलं.

"आर्दी मी खाल्ली," सोनबा म्हणाला. "तवा बरं वाटलं."

"चार महिने सांगितलं नाहीस."

"तुमी अभ्यास करत हुता. बरं दिसत हुतं. येरवी नुसतं ओट्यावर बसून आसायचा." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आता सुटला तुमी. शब्दाचा काय संबंध न्हाय. बालुशाहीला आला त्यो. उतरायचं का हितंच? परतीची गाडी गावंल."

त्याचं बरोबर होतं. सहावा पाठ हेच म्हणत होता. पण मला वेगळीच गोष्ट लागली. सातही अंदाज चुकले, आठवाही चुकला, आणि बालुशाही बरोबर निघाली. पत्रे, बिडी, परीक्षा सगळं मी बोललो. जे सहा वर्षं पंगतीपंगतीत तिच्या पानातून उचललं, ते मला सुचलं नाही. सोनबाला सुचलं, तेही घेरी आली म्हणून. अर्थात कावळ्याला बालुशाही आवडते आणि द्वारकेलाही आवडायची, यावरून काही सिद्ध होत नाही. योगायोग म्हणतात तो हाच. पण मी उतरलो नाही.

पेपरात पाचवा प्रश्न आला : 'एका घटनेमागून दुसरी घडली म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरते का? स्वानुभवातील उदाहरणासह लिहा. गुण १५.' मी तिथूनच सुरुवात केली. संगम, बाभळ, गेणबाचा बांध, सात अंदाज, सोनबाची साखर, सगळं क्रमानं लिहिलं. दोनदा पुरवणी मागितली. पर्यवेक्षक म्हणाले, बाकीचे प्रश्न? मी म्हणालो, यातच येतील. शेवटी लिहिलं : 'वरील हकिकतीवरून कावळा माझ्या शब्दामुळे आला असे ठरत नाही. त्यामुळे मी परीक्षेस बसण्याचे कारण उरत नाही. तरी मी बसलो आहे, कारण शब्द कावळ्याला दिला नव्हता.'

उरलेल्या वेळात बाकीचे प्रश्न जमले तेवढे लिहिले. घंटा झाली. बाहेर सोनबा थांबला होता. कवळीचं काम झालं नव्हतं. स्टँडजवळच्या दुकानातून पाव किलो बालुशाही घेतली. दोन आम्ही खाल्ल्या. एक कागदावर ठेवून भिंतीच्या कडेला मांडली. कावळा आला नाही. कुत्रं आलं.

"ह्येचं काय धरायचं?" सोनबानं विचारलं.

"काही धरायचं नाही. पाठ सहा."

निकाल फेब्रुवारीत लागला. शंभरपैकी अडतीस. पासाला चाळीस लागतात. पाचव्या प्रश्नाला पंधरापैकी चौदा होते, एक गुण विषयांतराबद्दल कापला होता. गावानं दुःख केलं. दादासाहेब म्हणाले, फेरतपासणीला अर्ज टाकू, वर ओळख हाय. गेणबाचा फोन आला की आक्काचं आता कसं व्हायचं. सोनबा म्हणाला, "आडतीस वर्षं संसार, आडतीस मार्क. बरोबर दिलंय त्येनं." मी त्याला म्हणालो, योगायोग. तो म्हणाला, आसंल.

पुढची परीक्षा मे महिन्यात आहे. अर्ज भरून आलो. या वेळी खंड फक्त तीन महिन्यांचा, प्रतिज्ञापत्र लागलं नाही. काल दुपारी पुस्तिका पहिल्या पानापासून परत काढली. पाच पाठ समासासकट वाचले. सहाव्याचा समास तसाच कोरा होता. तिची पेन्सिल पिशवीतच होती, टोक शाबूत. चष्मा लावला आणि कावळ्याच्या परिच्छेदाशेजारी, जमेल तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं :

'उदा. ही.'

पुढं काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. मेपर्यंत वेळ आहे.